शितावरून भाताची परीक्षा

पहिल्या दिवशी माझ्या हातात घड्याळ होतं आणि दुसऱ्या दिवशी संहितेचे कागद. आमच्या शहरातल्या एका नाट्यसंस्थेच्या पुढच्या सीझनची ऑडिशन होती. पाच नाटकं, सप्टेंबर ते मे. मी या संस्थेची जुनी स्वयंसेवक. एरवी तिकिटं तपासते, अंधारात उशिरा आलेल्यांना खुर्च्या दाखवते. या वेळी माणूस कमी पडला म्हणून मला आत बसवलं. शनिवारी प्रत्येकाच्या मोनोलॉगची दोन मिनिटं मोजायची आणि वेळ संपली की 'थँक यू' म्हणायचं. रविवारी दुसऱ्या फेरीला बोलावलेल्यांसमोर बसून समोरच्या पात्राचे संवाद वाचायचे. या कामाला इथे 'रीडर' म्हणतात. रीडरने अभिनय करायचा नसतो. आवाज स्पष्ट हवा, पण सपाट. लक्ष नटाकडे जायला हवं, रीडरकडे नाही.

शनिवारी साठाहून जास्त लोक येऊन गेले. ते बघताना एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. ऑडिशन हा नट निवडायचा एक मार्ग आहे असं आपण समजतो. प्रत्यक्षात तो एक स्वतंत्र नाट्यप्रकार झाला आहे. लांबी ठरलेली, जागा ठरलेली, प्रेक्षक चार, टाळ्या नाहीत. आणि इतर कुठल्याही नाट्यप्रकारासारखी त्याचीही समीक्षा करता येते, करायला हवी. कारण रंगमंचावर कोण उभं राहणार आणि कोण कधीच राहणार नाही, हे तिथे ठरतं.

या प्रकाराचं व्याकरण साधारण असं. नट आत येतो, हसून नाव सांगतो, नाटकाचं नाव सांगतो. मग परीक्षकांच्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर एक बिंदू धरतो आणि तिथे कुणीतरी उभं आहे असं मानून बोलायला लागतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात परिस्थिती उभी राहते, दीड मिनिटाच्या आसपास आवाज फुटतो किंवा डोळे भरतात, मग एक शांतता, आणि 'थँक यू'. साठातले निम्म्याहून जास्त मोनोलॉग या चढणीवर बेतलेले होते. ते नटांनी वाईट केले असं नाही. उलट फार सफाईने केले. पण नाटकात माणूस बोलतो तो समोरच्याने काहीतरी केलं म्हणून. इथे समोर कुणीच नाही. अभिनयातला निम्मा भाग ऐकण्याचा असतो असं आपण म्हणतो, आणि या प्रकारात ऐकायला काही ठेवलेलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ऐकायला मी होते, आणि मला सपाट राहायची सूचना होती.

रविवारचे दोन नट मला विसरता येत नाहीत. एकाच प्रवेशासाठी दोघांना बोलावलं होतं. पहिला आला, पहिल्याच वाचनात प्रवेश बांधून मोकळा झाला. विराम जिथल्या तिथे, विनोद नेमका. दिग्दर्शिका म्हणाली, "छान. आता हेच कर, पण या बाईची तुला दया येते असं समजून." त्याने तेच केलं, फक्त थोडं सावकाश. दुसरी नटी आली. तिच्यासाठी पात्र बाईचं करून घेतलं होतं. पहिलं वाचन चाचपडत गेलं, एक ओळ चुकली, कागद हातातून घसरला. दिग्दर्शिकेने तीच सूचना दिली. दुसऱ्या वाचनात ती माझ्या प्रत्येक ओळीनंतर क्षणभर थांबायला लागली. माझं सपाट वाक्य तिला खरोखर लागत होतं. प्रवेशाच्या मध्यावर माझाच आवाज मला न विचारता बदलला. मग वेळ संपली.

संध्याकाळच्या चर्चेत दुसरीचं नाव निघालं आणि खाली बसलं. "ती रंगेल, पण कधी रंगेल ते सांगता येत नाही. आपल्याकडे तालमीला तीनच आठवडे आहेत." भूमिका पहिल्याला गेली.

या वाक्यात निर्दयपणा नव्हता, हिशेब होता. इथल्या व्यावसायिक संस्थांमध्ये तालमीचे आठवडे पगारी असतात. साधारण तीन ते चार आठवड्यांत नाटक उभं करायचं, लगेच प्रयोग, मग पुढचं नाटक. इतक्या वेळात नट घडवता येत नाही. घडलेला नट आणून जागेवर बसवता येतो. म्हणजे ऑडिशन काय शोधते हे ऑडिशनच्या खोलीत ठरत नाही, ते तालमीच्या अंदाजपत्रकात आधीच ठरलेलं असतं. शितावरून भाताची परीक्षा करायची आपली म्हण आहे. ती खरीही आहे, पण भात शिजल्यावर. आधणात नुकत्याच पडलेल्या तांदळाचा दाणा दाबून तो कच्चा आहे एवढंच कळतं. म्हणून इथे शिजलेलंच मागवतात.

असं नेहमीच नव्हतं, आणि या गोष्टीची गंमत इथेच आहे. न्यूयॉर्कच्या बाहेर, आपापल्या शहरात कायमचं रंगभूमीचं घर उभारायची अमेरिकेतली चळवळ दुसऱ्या महायुद्धानंतर जोर धरू लागली. १९४७ साली मार्गो जोन्स यांचं थिएटर डॅलसमध्ये आणि नीना व्हान्स यांचं 'ॲली' ह्यूस्टनमध्ये सुरू झालं. १९५० साली झेल्डा फिचँडलर आणि त्यांच्या सोबत्यांनी वॉशिंग्टनमध्ये 'अरीना स्टेज' उभी केली. १९६३ साली मिनिआपोलिसमध्ये टायरोन गथ्री यांच्या नावाचं थिएटर 'हॅम्लेट'ने उघडलं. या मंडळींचा ब्रॉडवेवरचा एक मोठा आक्षेप असा होता, की तिथे प्रत्येक नाटकासाठी नट गोळा होतात आणि नाटक संपलं की पांगतात. यांना हवा होता मुक्कामी नटसंच. आज राजाची भूमिका करणारा उद्याच्या नाटकात भालदार होईल, आणि प्रेक्षक त्याला वर्षानुवर्षं वाढताना बघतील. 'सीझन' या शब्दाचा अर्थ तेव्हा एका संचाचं एक वर्ष असा होता.

आपल्याला ही कल्पना नवी वाटायचं कारण नाही. किर्लोस्कर, गंधर्व, ललितकलादर्श या आपल्या नाटक मंडळ्या म्हणजे फिरती बिऱ्हाडंच होती. पोरवयात मुलगा मंडळीत यायचा, गाणं आणि चालणं-बोलणं तिथेच शिकायचा. त्या व्यवस्थेत मालकाची मर्जी होती, लाडके-दोडके होते, स्त्रियांना जागाच नव्हती. तिचं उदात्तीकरण करायचा माझा इरादा नाही. पण निवड आणि शिक्षण या दोन गोष्टी तिने वेगळ्या केल्या नव्हत्या, एवढं मात्र खरं.

अमेरिकेतले बहुतेक मुक्कामी संच पुढच्या दशकांत मोडले. वर्षभराचे पगार झेपेनात, नाटकांतली पात्रं कमी होत गेली, नटांनाही न्यूयॉर्क-लॉस एंजेलिसची वाट मोकळी हवी होती. 'सीझन' म्हणजे आता वर्गणीदारांना विकायचं नाटकांचं वेळापत्रक. नट पुन्हा एकेका नाटकापुरता येतो. ज्या गोष्टीविरुद्ध चळवळ उभी राहिली तीच मागच्या दाराने घरात आली, आणि त्या दारावर ऑडिशनची पाटी आहे.

आता दाराबद्दल. कारण ऑडिशनच्या बाजूने एक मोठा मुद्दा आहे आणि तो मी हलका करणार नाही. दार निदान आहे. 'ॲक्टर्स इक्विटी' ही नटांची संघटना १९१३ सालची. तिच्याशी करार असलेल्या मोठ्या संस्थांना सदस्यांसाठी खुल्या ऑडिशन घ्याव्याच लागतात. भूमिका आधीच ठरलेल्या असतात आणि हा नुसता उपचार असतो, अशी नटांची तक्रार नेहमी ऐकू येते. तरी ओळखदेख नसलेला माणूस आत येऊन दोन मिनिटं उभा राहू शकतो, ही छोटी गोष्ट नाही.

पण आत आल्यावर तो कोण म्हणून बघितला जातो? अमेरिकेतल्या वाद्यवृंदांनी १९७०च्या सुमारापासून वादक निवडताना पडदा लावायला सुरुवात केली. मागे कोण वाजवतंय ते दिसत नाही, फक्त ऐकू येतं. नटाला ही सोय नाही. त्याचं शरीर हेच त्याचं वाद्य. म्हणून रंगभूमीवर हा प्रश्न पडद्याने सुटत नाही, वाद घालूनच पुढे सरकतो. १९९६ साली प्रिन्स्टनमध्ये ऑगस्ट विल्सन यांनी केलेल्या भाषणाने असा वाद पेटवला होता. प्रादेशिक रंगभूमीच्या राष्ट्रीय संघटनेतल्या ६६ संस्थांपैकी कृष्णवर्णीय म्हणता येईल अशी फक्त एक आहे, हे त्यांनी त्या सभेत सांगितलं. आणि वर्ण न बघता भूमिका देण्याच्या धोरणालाही त्यांनी ठाम विरोध केला. त्यांचं म्हणणं होतं, की गोऱ्यांच्या नाटकात गोऱ्याची जागा भरायला बोलावणं म्हणजे आमची गोष्ट न सांगण्याचीच एक सभ्य रीत आहे. विल्सन स्वतः याच रंगभूमीवर मोठे झालेले, त्यांची नाटकं आधी अशाच संस्थांमध्ये झालेली. म्हणून ते बोल घरच्या माणसाचे होते.

रविवारी दुपारी या वादाची एक छोटी आवृत्ती माझ्यासमोर घडली. न्यू जर्सीत जन्मलेली एक भारतीय वंशाची मुलगी डॉक्टरच्या भूमिकेसाठी वाचत होती. वाचन झाल्यावर तिला सांगण्यात आलं, "आता थोडा ॲक्सेंट देऊन बघू या." तिने विचारलं, "कुठला?" प्रश्न अगदी सरळ होता. आजीचा की टीव्हीवरचा, चेन्नईचा की चंदीगडचा? उत्तर आलं, "जनरल." तिने तो 'जनरल' ॲक्सेंट दिला. तिच्यासमोर मी बसले होते. माझं इंग्रजी अजून सांगलीच्या पाण्याचंच आहे. पण माझ्या कागदावर गोऱ्या शेजारणीचे संवाद होते आणि मला सपाट वाचायचं होतं. खोलीतला एकमेव खरा ॲक्सेंट त्या दिवशी निरुपयोगी होता. मी तेव्हा काही बोलले नाही. हे लिहिताना ते मला टोचतं.

ऑडिशनवरचं सर्वांत गाजलेलं नाटक म्हणजे 'अ कोरस लाइन'. १९७५ साली मायकेल बेनेट यांनी बसवलेलं. खऱ्या नर्तकांच्या रात्रभर चाललेल्या गप्पा ध्वनिमुद्रित करून त्यातून ते घडलं, आणि १९७६चं पुलित्झर त्याला मिळालं. एका रांगेत सतरा नर्तक, जागा आठ. दिग्दर्शक अंधारातून विचारतो: तुमच्याबद्दल सांगा. आणि एकेक जण आयुष्य उलगडत जातो. माझ्या दोन दिवसांनंतर हे नाटक मला थोडं लबाड वाटायला लागलं आहे. त्यातली ऑडिशन ऐकते. खऱ्या ऑडिशनमध्ये तुमचं बालपण कुणी विचारत नाही, विचारायला वेळही नसतो. नाटकाने ऑडिशनला जे माणूसपण दिलं ते तालमीतलं आहे. पण त्याच नाटकाचा शेवट मात्र अत्यंत प्रामाणिक आहे. सगळे एकसारख्या सोनेरी पोशाखात येतात आणि ज्यांच्या कहाण्या आपण दोन तास ऐकल्या त्यांतला कोण कुठला हे ओळखू येत नाही. एवढं ऐकून घेतलं ते शेवटी रांगेत उभं करण्यासाठी. हे बेनेट यांना नीट माहीत होतं.

इथवर वाचून मंडळाच्या नाटकांत काम करणारे वाचक म्हणतील, आपलं बरं आहे, ही भानगडच नाही. खरंच नाही. आपल्याकडे फोन येतो. "अरे, तुझ्यासाठीच भूमिका आहे, नाही म्हणायचं नाही." तालमी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये तीन-चार महिने चालतात, दर शनिवारी, पोहे आणि चहासकट. पगार नाही म्हणून हिशेबही नाही. इथल्या संस्थांना जे परवडत नाही ते, म्हणजे वेळ, आपल्याकडे भरपूर आहे. मग हा भात आपल्याकडे शिजतो का?

उत्तर देण्याआधी तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' आठवून बघा. १९६७ सालच्या या नाटकाकडे आपण न्यायाचं ढोंग आणि बाईची शिकार म्हणून बघतो, ते बरोबरच आहे. पण ते एका हौशी नाटक मंडळीचं नाटकही आहे, आणि त्याचं यंत्र सुरू होतं ते भूमिकावाटपाने. एक जण आलेला नाही, म्हणून गावातल्या सामंतला उभं करायचं ठरतं. त्याला कोर्ट कसं चालतं ते दाखवायला तालीम घ्यायची. आरोपी कोण? बेणारेबाई आत गेलेल्या असतात. बाहेर बाकीचे आपापसांत ठरवतात. त्या परत येतात तेव्हा भूमिका त्यांची वाटच बघत असते. कुणी विचारत नाही, कुणी चाचणी घेत नाही. गरजच नाही. सगळे एकमेकांना 'ओळखतात'. ओळख हाच तिथला पुरावा, आणि खेळ आहे म्हटलं की कुणाला जबाबही द्यावा लागत नाही.

आमच्या बेसमेंटमध्ये इतकं भयंकर काही घडत नाही. पण ठरवण्याची रीत तीच आहे. काही वर्षांपूर्वी, मी आधी राहत होते त्या शहरातल्या मंडळाच्या नाटकात मी दिग्दर्शकाची सहायक होते. एका शनिवारी मुख्य भूमिकेतल्या ताई आल्या नाहीत. कपडेपटाचं बघणाऱ्या एका वहिनींना मी म्हटलं, "तेवढं वाचता का, प्रवेश अडलाय." त्यांनी वाचलं. खोली गप्प झाली. कुणीतरी टाळी वाजवली आणि मध्येच थांबवली. पुढच्या शनिवारी ताई परत आल्या. वहिनींकडून संहिता परत मागून घेणारी मीच होते. त्यांनी ती नीट घडी घालून दिली. नंतर गाडीत बसताना त्या सहज म्हणाल्या, की कॉलेजात असताना त्यांनी पुण्यात 'पुरुषोत्तम'ला काम केलं होतं. मी म्हटलं, "अहो, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" त्या म्हणाल्या, "विचारलं कुठे कुणी?"

त्या मंडळात त्या आठ वर्षं होत्या. आठ वर्षं साड्यांना पिना लावत होत्या.

म्हणजे आपल्याकडे तालीम आहे आणि दार नाही. त्यांच्याकडे दार आहे आणि तालीम नाही. त्यांच्या ऑडिशनमध्ये कच्चा माणूस गळतो. आपल्या फोनाफोनीत अनोळखी माणूस गळतो: नवा आलेला, लाजरा, कमिटीत नसलेला, उच्चार 'शुद्ध' नसलेला. आणि आपल्या गळतीची नोंदही होत नाही, कारण ज्याला कधी बोलावलंच नाही त्याला नाकारलं असं कुणी म्हणत नाही.

माझं म्हणणं असं, की दोन्हींमधली चांगली बाजू घेणं अवघड नाही, आणि मंडळांना ते जास्त सोपं आहे. नाटकाची घोषणा झाली की सगळ्यांना कळेल अशी सूचना द्या: अमुक रविवारी निवड आहे, ज्याला यायचं त्याने यावं. मोनोलॉग मागू नका. जोडीने प्रवेश वाचायला द्या, म्हणजे ऐकणारा माणूस दिसेल. प्रत्येकाला एक सूचना द्या आणि प्रवेश पुन्हा करवून घ्या. पहिल्या वाचनाला गुण देऊ नका. पहिल्या आणि दुसऱ्या वाचनात काय बदललं ते बघा. निवडणाऱ्यांत एक तरी जण असा असू द्या जो मंडळातल्या कुणालाच ओळखत नाही. आणि निवड न झालेल्यांना कळवा, कारणासकट.

याने उत्तम नट मिळतीलच असं नाही. काही नाटकांत तर कोण चालेल हे अशा एका दुपारीही कळणार नाही. १९७२च्या 'घाशीराम कोतवाल'मधला माणसांचा पडदा घ्या. ओळीने उभे राहून गाणारे, नाचणारे, आडोसा होणारे आणि क्षणात भिंत फोडून गर्दी होणारे ते ब्राह्मण. त्यातला एकेक जण दोन मिनिटांत काय दाखवणार होता? चंदावरकरांचं संगीत, मुळगुंदांची नृत्यरचना आणि जब्बार पटेलांचं दिग्दर्शन यांतून तो पडदा तालमीतच एकजीव झाला. काही गुण माणसात नसतातच, ते माणसांच्या मध्ये असतात. ते बघायला वेळ लागतो, आणि वेळ तर आपल्याकडे आहे.

मी आता ज्या मंडळाची सभासद आहे, त्याच्या कमिटीला दिवाळीच्या एकांकिकेबद्दल हे सगळं पत्राने कळवलं. उत्तर लगेच आलं आणि आपुलकीचं होतं: कल्पना चांगली आहे, पण लोक दुखावतील. मी परत लिहिलं, की लोक आत्ताही दुखावलेले आहेत, फक्त ते चहाच्या टेबलामागे उभे असल्यामुळे दिसत नाहीत. यावर उत्तर यायचं आहे. दरम्यान त्या जुन्या वहिनींना मी फोन केला. माफी मागायची होती, ती नीट जमली नाही. पण त्यांनी विचारलं, "निवड कधी आहे म्हणालीस?" त्यांच्या घरापासून आमचं शहर साडेचार तासांवर आहे.